ॲना अठराव्या प्रकरणात येते

या वेळी अमेरिकेतून खूप पत्रं आलीयेत, आणि जवळजवळ सगळी सबर्बमधून. विषयही एकच, जुनी मोठी पुस्तकं वाचायचीयेत पण ते काही होत नाहीये. म्हणून हे सदर यावेळी पूर्ण त्यांनाच दिलंय. लांब पत्रं थोडी कापलीयेत, नावं काढलीयेत.

प्रश्न: ताई, लग्न होऊन टेक्सासमधे आले, एच-४ व्हिसावर आहे त्यामुळे नोकरी करता येत नाही. नवरा सकाळी गाडी घेऊन जातो तो संध्याकाळी येतो. आमच्या सबडिव्हिजनमधे दिवसा रस्त्यावर माणूस दिसत नाही. वेळ आहे म्हणून ठरवलं की जगातलं उत्तम साहित्य वाचायचं, इंटरनेटवरून शंभर पुस्तकांची यादी काढली आणि टॉल्स्टॉयच्या ॲना कॅरेनिनापासून सुरुवात केली. साठ पानांवर अडकलेय. एकाच माणसाला चार जण चार नावांनी हाक मारतात, माझं इंग्रजी कॉलेजपुरतं. माझी लायकीच नाही का क्लासिक वाचायची?

आधी एक सांगते, तू जिथे पुस्तक मिटलंस ना तिथपर्यंत ॲना कादंबरीत आलेलीच नाहीये. ती येते पहिल्या भागाच्या अठराव्या प्रकरणात, मॉस्कोच्या स्टेशनवर, आणि बऱ्याच आवृत्त्यांमधे ते साठाव्या पानाच्या आसपासच असतं. तेव्हा लायकी वगैरे डोक्यातून काढून टाक आणि फक्त अजून दोन-तीन प्रकरणं वाच.

नावांचं म्हणशील तर मराठी माणसाला रशियन नावं खरं तर सोपी जायला हवीत. अमेरिकन वाचक गोंधळतो कारण त्याच्याकडे ही पद्धत नाही. आपल्याकडे जसं स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, तसंच त्यांचं. ॲना अर्कादेव्ना म्हणजे अर्कादीची मुलगी, तिचा भाऊ स्तेपान अर्कादिच म्हणजे त्याच अर्कादीचा मुलगा. चारचौघांत मान देऊन बोलायचं तर नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही घ्यायचं, आणि घरात त्यालाच स्तिवा म्हणायचं, आपल्याकडे घरोघरी बाळ्या आणि बबड्या असतात तसं. डॉली म्हणजे दार्या, किटी म्हणजे कातेरिना, दोघी बहिणी. खरी अडचण एकच आहे, ॲनाचा नवरा आणि तिचा प्रियकर दोघांचंही नाव अलेक्सेय, पण बहुतेक ठिकाणी एकाला कारेनिन आणि दुसऱ्याला व्रॉन्स्की म्हटलंय त्यामुळे निभावतं. बुकमार्क म्हणून एक जाड कागद ठेव आणि त्यावर पाच घरांची आडनावं लिही, ओब्लॉन्स्की, श्चेरबात्स्की, लेविन, कारेनिन, व्रॉन्स्की, आणि खाली कोण कुणाच्या घरचं. एवढं पुरतं.

दुसरं म्हणजे वेग. ही कादंबरी १८७५ ते १८७७ या काळात मासिकातून थोडी थोडी छापून आली, मधे मोठे खंडही पडले. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' अशीच 'करमणूक'मधून आली आणि लोक पुढच्या अंकाची वाट बघत बसले. जॉर्ज इलियटची मिडलमार्च १८७१-७२ मधे आठ भागांत आली. म्हणजे ज्या पुस्तकांची जाडी बघून आपण आज घाबरतो ती लिहिली गेली तेव्हाच तुकड्या-तुकड्यांनी वाचायला लिहिली गेली. ॲनाची प्रकरणं साधारण दोनशे चाळीस आहेत, बहुतेक चार-पाच पानांची. दिवसाला एक वाचलंस तर आठ महिने, आणि आठ महिने ती माणसं तुझ्या घरात राहतील. मला स्वतःला हा वेग सगळ्यात आवडतो. आठवड्यात संपवलेली कादंबरी आठवड्यात विसरतेही.

आता ती शंभरांची यादी. ती बंद करून टाक, मनापासून सांगतेय. यादीतून वाचलं की आपण पुस्तकावर टिक करायला वाचतो. तुला आत्ता काय खुपतंय त्यावरून पुस्तक निवड. तुझ्या पत्रात मला दिसलं ते असं की नवऱ्याच्या नोकरीमुळे तू एका ठिकाणी येऊन पडलीयेस आणि दिवस कुणाचा आहे तेच कळत नाहीये. हे ॲनामधे आहे, पण ॲनापेक्षा डॉलीमधे जास्त आहे. सहाव्या भागाच्या सोळाव्या प्रकरणात डॉली बग्गीतून ॲनाकडे निघालीये, चार तासांचा रस्ता आहे, मुलं बरोबर नाहीत. आणि घरात कधीच मिळत नाही तो विचार करायचा वेळ तिला त्या बग्गीत मिळतो. बाळंतपणं, आजारपणं, गेलेलं बाळ, पैशाची ओढाताण, सगळं एकेक करून वर येतं आणि ती स्वतःला विचारते की हे सगळं कशासाठी केलं मी. टॉल्स्टॉय तिला उत्तर देत नाही, तो फक्त तिच्या शेजारी बसून राहतो. अख्ख्या कादंबरीतली माझी सगळ्यात लाडकी पानं ही, आणि यादी बनवणारे कुणी तुला ती सांगणार नाहीत.

आणि ॲनाच्या सोबतीला मराठीतलं एक पुस्तक ठेवच, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. शाळेत एखादा धडा वाचला असशील, तो सोड, पूर्ण वाच. नवरा आज या गावाला, उद्या त्या गावाला, १८९५ मधे तर त्याने धर्मच बदलला आणि या बाईला मागाहून कळलं. त्यातून ती कशी उभी राहिली ते ती इतक्या सरळपणे सांगते की वाचताना हसू येतं आणि घसा दाटून येतो, दोन्ही एकाच पानावर. टॉल्स्टॉय बाईच्या मनात बाहेरून शिरतो, लक्ष्मीबाई आतूनच बोलतात. दोन्ही एकदम वाचताना तुला हा फरक आपोआप कळायला लागेल, कुणा प्राध्यापकाने सांगायची गरज नाही.

इंग्रजीची भीती असेल तर हे लक्षात ठेव की तूही भाषांतरच वाचतीयेस आणि तुझी शेजारीणही. कॉन्स्टन्स गार्नेटचं १९०१ चं भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, भाषा थोडी जुनी आहे पण वाहती आहे. पेव्हिअर आणि वोलोखोन्स्की या जोडीचं २००० सालचं लायब्ररीत सहज मिळेल, त्यात मागे टिपा असतात. एका पानाला डिक्शनरी एकदाच उघडायची, बाकी पुढे जायचं.

एक मात्र सांगायलाच हवं, दिवसभर एकटी आहेस तर नुसतं पुस्तक पुरणार नाही. लायब्ररीचं कार्ड बऱ्याच ठिकाणी ऑनलाइनही निघतं, पत्त्याचा पुरावा म्हणून लीज किंवा लाइट बिल सहसा चालतं, पण ई-बुकवर थांबू नकोस. आठवड्यातला एक दिवस गाडी तुझ्याकडे ठेवायची असं नवऱ्याशी बोलून ठरव, लायसन्स नसेल तर ते आधी काढ, आणि त्या दिवशी लायब्ररीच्या बिल्डिंगमधे जाऊन बसून वाच. आजूबाजूला माणसं असताना वाचणं वेगळं असतं.

प्रश्न: न्यू जर्सीहून रोज ड्राइव्ह करतो, जाता-येता मिळून दोन तास, त्यात ऑडिओबुक ऐकतो. शनिवारी लॉन कापतानाही कानात तेच. बायको म्हणते हे वाचन नव्हे. तुमचं मत?

वाचनच आहे. आपल्याकडे ज्ञानेश्वरी श्रोत्यांसमोर सांगितली गेली, पोथी एकाने वाचायची आणि घराने ऐकायची हीच रीत होती. डिकन्स १८६७-६८ च्या हिवाळ्यात अमेरिकेत आला तो स्वतःच्या गोष्टी स्टेजवर वाचून दाखवायला, आणि लोकांनी तिकिटं काढून ऐकल्या.

फक्त पुस्तक बघून घ्या. ज्यात कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटतं ती कानाला चांगली, म्हणजे डिकन्सचं ग्रेट एक्स्पेक्टेशन्स घ्या, त्यातला नायक पिप स्वतःच सांगतोय. ज्यात वाक्य परत मागे जाऊन वाचावं लागतं ती टर्नपाइकवर नकोत. पहिली दोन प्रकरणं दोनदा ऐका, स्पीड वाढवू नका. लिब्बी ॲपवर लायब्ररीच्या कार्डाने फुकट मिळतात, वेटिंग असतं तेव्हा चार-पाच होल्ड एकदम लावून ठेवायचे. लिब्रिवॉक्सवरही फुकट आहेत, २००५ पासून स्वयंसेवक वाचून टाकतायत, पण आवाज कमी-जास्त असतात, त्यामुळे पाच मिनिटं ऐकून मग ठरवा. आणि जे ऐकताना मनात राहिलं तेवढं पान घरी आल्यावर छापील पुस्तकात शोधून वाचा, बाईंनाही वाचून दाखवा.

आणि लॉनचं म्हणालात म्हणून, ॲना कॅरेनिनाच्या तिसऱ्या भागातलं चौथं आणि पाचवं प्रकरण एका शनिवारी लावा. जमीनदार लेविन शेतकऱ्यांच्या रांगेत उभा राहून लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापतो, आधी हात भरून येतात, दम लागतो, मग हळूहळू विळा आपोआप चालायला लागतो आणि वेळेचं भान जातं. हातात मशीन असताना हे ऐकून बघाच.

प्रश्न: मी पंचाहत्तरीचा, मुला-नातवाकडे इलिनॉयमध्ये कायमचा राहायला आलोय. पुण्यात रोज वाचनालयात जायचो. इथली लायब्ररी उत्तम आहे पण मराठी एकही पुस्तक नाही. बॅगेतून आणलेली वाचून झाली. जुनं मराठी इथे मिळायची काही सोय आहे का?

काका, सोय आहे, आणि तुमच्या घरापासून फार लांबही नाही. शिकागो विद्यापीठाच्या लायब्ररीत मराठी पुस्तकांचा मोठा संग्रह आहे, आणि तो तिथे कसा आला ते तुमच्या पिढीला ऐकायला आवडेल. पीएल-४८० चा लाल गहू आठवतोय ना? १९५४ च्या त्या अमेरिकन कायद्याखाली जे धान्य भारतात आलं त्याचे पैसे आपण रुपयात चुकते करायचो आणि ते रुपये भारतातच साठून राहायचे. पुढे त्यातले काही पुस्तकं घ्यायला वापरायची परवानगी मिळाली, १९६२ मधे लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीत ऑफिस उघडलं आणि भारतातल्या अनेक भाषांमधली पुस्तकं, मासिकं विकत घेऊन इथल्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. शिकागो, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया, बर्कली, अशा ठिकाणी ती गेली. म्हणजे आपण रेशनवर घेतलेल्या गव्हाच्या पैशातून सदाशिव पेठेत छापलेली पुस्तकं इथे येऊन बसलीयेत, आणि ती वाचणारा माणूस मिळाला तर हवाच आहे.

ती तुमच्या गावच्या लायब्ररीत मागवता येतात, याला इंटरलायब्ररी लोन म्हणतात. वर्ल्डकॅट नावाच्या साइटवर जगातल्या लायब्रऱ्यांचा एकत्र कॅटलॉग आहे, तिथे पुस्तक शोधायचं, त्याचा ओसीएलसी नंबर लिहून घ्यायचा आणि आपल्या लायब्ररीच्या डेस्कवर किंवा साइटवरच्या फॉर्ममधे द्यायचा. साधारण काही आठवड्यांत येतं. काही लायब्रऱ्या थोडे पैसे घेतात, काही काहीच घेत नाहीत, आणि पुस्तक फार जुनं, पानं तुटायला आलेली असतील तर नाही म्हणू शकतात, मग दुसऱ्या विद्यापीठाची प्रत मागायची.

शोधताना एक खुबी आहे, तिथेच बहुतेक लोक हात टेकतात. कॅटलॉगमधे मराठी नावं रोमन अक्षरांत असतात आणि आपण इंग्रजीत सही करतो तसं स्पेलिंग नसतं. प्रत्येक व्यंजनामागचा अ तिथे लिहितात, शेवटचासुद्धा. म्हणजे माडगूळकर शोधताना माडगूळकरातल्या ड ला, ळ ला आणि अगदी शेवटच्या र लाही रोमन 'a' जोडायचा, टिळकांच्या क पुढेही तसंच. नेहमीच्या स्पेलिंगने शून्य रिझल्ट आले म्हणून पुस्तक नाही असं समजू नका, हे दुसरं स्पेलिंग टाकून बघा. नातवाला एकदा समजावून सांगितलंत तर तो पटापट काढून देईल.

घरबसल्या हवं असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर आणि मराठी विकिस्रोतवर जुनं साहित्य खूप आहे. भारताच्या कायद्याप्रमाणे लेखक जाऊन ६० वर्षं झाली की पुस्तक मोकळं होतं, त्यामुळे हरिभाऊ आपटे, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी हे सगळे मोकळे आहेत. स्कॅन केलेली पानं टॅबवर मोठी करून वाचता येतात, डोळ्यांना बरं पडतं.

नातू घरात आहे म्हणून अजून एक सुचवते. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' मागवा, मराठीतलं तुमच्यासाठी आणि इंग्रजीतलं त्याच्यासाठी. मराठी पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे आणि इंग्रजी बाईंनी स्वतःच केलंय, त्यामुळे दोघं एकाच लेखिकेचं वाचताय. महाभारतातल्या माणसांकडे त्या देव म्हणून बघत नाहीत, गांधारीला, कुंतीला, कर्णाला समोर बसवून प्रश्न विचारतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला असं पुस्तक हातात दिलं की तो वाद घालायला येतो. येऊ द्या त्याला.

प्रश्न: माझ्या मुलीला हायस्कूलमधे हकलबरी फिन आहे. त्यात कृष्णवर्णीयांसाठीचा तो घाणेरडा शब्द पानोपानी आहे असं ऐकलं, मला धक्काच बसला. शिवाय मी काही विचारलं की ती म्हणते आई तुला नाही कळणार. मी हे पुस्तक वाचावं का?

जरूर वाचा, आणि तिच्याबरोबरच वाचा, लायब्ररीतून दुसरी प्रत आणा. तो शब्द आहे, दोनशेहून जास्त वेळा आहे, आणि खुपतो. खुपायलाच हवा. हक हा गुलामगिरीच्या काळात वाढलेला गोरा पोरगा आहे, तो त्याच्या गावासारखाच बोलतो, आणि मार्क ट्वेनने गोष्ट त्याच्याच तोंडून सांगितलीये. काही शाळांमधे या शब्दावरून पुस्तक काढून टाकलं गेलंय, काही ठिकाणी शिक्षक आधी त्यावर बोलून मग शिकवतात. मला दुसरं पटतं, पण वर्गात एकटं कृष्णवर्णीय मूल असेल तर त्याला ते पुस्तक कसं लागत असेल हा प्रश्न मुलीला जरूर विचारा, कारण तीसुद्धा कधीतरी वर्गात एकटी ब्राउन मुलगी असते आणि तिला त्यावर काही सांगायचं असेल.

दोन जागा सावकाश वाचा. पंधराव्या प्रकरणात हक आणि त्याच्याबरोबर तराफ्यावर असलेला, पळून आलेला गुलाम जिम यांची धुक्यात चुकामूक होते, हक परत येतो आणि जिमला खोटंच सांगतो की तुला स्वप्न पडलं. जिमला कळतं तेव्हा तो चिडत नाही, दुखावतो, आणि ते सरळ बोलून दाखवतो. हकला त्याची माफी मागायला जायला पंधरा मिनिटं लागतात, मनाची तयारी करायला. ती पंधरा मिनिटं म्हणजे तो अख्खा समाज आहे. मग एकतिसावं प्रकरण. जिम कुठे आहे ते त्याच्या मालकिणीला कळवायचं पत्र हकने लिहिलंय, चर्चमधे शिकवलंय की पळालेल्या गुलामाला मदत करणं पाप. पत्र लिहून त्याला हलकं वाटतं. आणि मग तराफ्यावरचा जिम आठवतो, याची झोप मोडू नये म्हणून याच्या वाटणीचा पहाराही स्वतःच देणारा. हक पत्र फाडतो आणि ठरवतो की नरकात जावं लागलं तरी चालेल. त्याला अजूनही वाटतंय की आपण पाप करतोय! आपण चूक आहोत असं मानून तो बरोबर वागतो. मला नाही वाटत याहून मोठं काही त्या कादंबरीत आहे. पुढे टॉम सॉयर येतो आणि शेवट भरकटतो, तिथे मुलीला कंटाळा आला तर तिच्या बाजूने बोला.

आणि तुला नाही कळणार याचं म्हणाल तर तुमच्याकडे असं काही आहे जे तिच्या शिक्षकांकडेही नसेल. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ चा संग्रह काढा, त्यातली त्याच नावाची कथा तुम्ही मराठीत वाचा, तिला जेरी पिंटोंचं २०१८ चं इंग्रजी भाषांतर द्या. मिसिसिपीवरचा जिम आणि जात लपवून खोली घेणारा आपल्याकडचा रेल्वे कामगार, या दोघांवर तुम्ही दोघी बोललात तर तिचा शाळेचा निबंध कुणाच्याही मदतीशिवाय लिहून होईल. परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारू नका. मला अमुक कळलं नाही, तुझ्या टीचर काय म्हणाल्या, एवढ्याने सुरुवात करा.

प्रश्न: पुस्तक मिटून बाहेर बघितलं की पार्किंग लॉट, स्ट्रिप मॉल आणि एकसारखी घरं. सबर्बचा आणि साहित्याचा काही संबंध असू शकतो का? वाचायची इच्छाच मरते.

संबंध पायाखाली आहे. कवी वॉल्ट व्हिटमन १८१९ मधे न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर हंटिंग्टनजवळ जन्मला, ते घर अजून उभं आहे आणि समोर मोठा मॉल आहे, त्याला व्हिटमनचंच नाव दिलंय. ग्रेट गॅट्सबी कादंबरीतलं वेस्ट एग हे गाव म्हणजे तिथलंच ग्रेट नेक, लेखक फिट्झजेराल्ड १९२२ ते २४ तिथे राहत होता. त्या कादंबरीतली राखेची दरी म्हणजे क्वीन्समधला राखेचा उकिरडा, १९३९ च्या वर्ल्ड फेअरसाठी तो साफ केला, आता तिथे पार्क आहे आणि यूएस ओपन होते. फ्लशिंगच्या गणपतीला गेला असाल तर तिथून ती जागा जवळच आहे. नवा पैसा, मोठं घर, आपल्याला हे लोक आपलं म्हणतील का ही धडधड, हे कुठल्याही इमिग्रंटला वेगळं सांगायला नको.

पण मी तुम्हाला थोरोचं वॉल्डन हे पुस्तक वाचायला सांगेन, आणि नेहमीपेक्षा वेगळ्या बाजूने. थोरो १८४५ मधे तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला, कॉन्कर्ड आज बॉस्टनचा सबर्बच आहे, तळ्याच्या कडेने तेव्हा नवी रेल्वे गेली होती आणि त्याच मार्गावर आज कम्युटर ट्रेन धावते. पहिल्याच प्रकरणात त्याने झोपडीचा हिशोब दिलाय, २८ डॉलर साडेबारा सेंट. मॉर्गेज भरणाऱ्या माणसाने ते प्रकरण वाचताना हातात पेन्सिल ठेवावी, घरासाठी माणूस आयुष्यातली किती वर्षं देतो हाच त्याचा प्रश्न आहे. आता त्या हिशोबाजवळच एक छोटी गोष्ट आहे. फळ्यांसाठी त्याने रेल्वेवर काम करणाऱ्या कॉलिन्स नावाच्या आयरिश मजुराची खोपटी सव्वाचार डॉलरला विकत घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याला ते कुटुंब रस्त्यात भेटलं, सगळा संसार एका गाठोड्यात, कोंबड्यासुद्धा, फक्त मांजर मागे राहिलं आणि रानात गेलं. थोरो हे चार-पाच ओळींत सांगून पुढे जातो. मी जात नाही. आपण बाहेरून येऊन इथे घर केलेली माणसं आहोत, आपण ते पुस्तक थोरोच्या दारातूनही वाचू शकतो आणि त्या गाठोड्यामागूनही, आणि मला वाटतं आपल्याला दोन्ही वाचता यायला हवं.

त्याच पुस्तकात हिवाळ्यातल्या तळ्याच्या प्रकरणात तो रोज सकाळी गीता वाचतो असं येतं, आणि तळ्याचा बर्फ कापून नेणारे मजूर बघून त्याला वाटतं की हे पाणी गंगेला मिळणार. ती नुसती कल्पना नव्हती, बॉस्टनचा बर्फ १८३३ पासून जहाजातून कलकत्त्याला जात होता, मुंबईलाही जायचा. मराठीत वाचायचं तर दुर्गा भागवतांनी केलेला अनुवाद आहे, 'वॉल्डनकाठी विचारविहार', तो मिळवा.

प्रश्न: आम्ही मंडळातल्या आठ-दहा जणी वाचन गट सुरू करतोय. आधी दोनदा केला, दोन्ही वेळा कुणी वाचून येत नाही आणि पॉटलकच होतं. काय करावं?

घरात भरवू नका, लायब्ररीची मीटिंग रूम घ्या, बहुतेक ठिकाणी रहिवाशांना फुकट मिळते आणि वेळ ठरलेली असते, दोन तासांनी उठावंच लागतं. जाडं पुस्तक घेऊ नका. आणि जी प्रश्न विचारेल तिला स्वतःला त्याचं उत्तर माहीत नसावं, ही एकच अट ठेवा, ही पद्धत शिकागोच्या ग्रेट बुक्स फाउंडेशनची, १९४७ पासून ते अशा गटांना मदत करतायत. उत्तर माहीत असलेल्या प्रश्नाने शाळा होते.

सुरुवात टॉल्स्टॉयच्या 'इव्हान इलिचचा मृत्यू' या छोट्या पुस्तकाने करा, १८८६ चं, बारा छोटी प्रकरणं, फुकट मिळतं. नावाने घाबरू नका. तिसऱ्या प्रकरणात हा माणूस नवं घर घेतो आणि ते स्वतः सजवतो, फर्निचर, पडदे, सगळं, त्याला वाटतं असं घर कुणाचंच नाही, आणि टॉल्स्टॉय सांगतो की अशा सगळ्या लोकांची घरं अशीच एकमेकांसारखी असतात. पडदे कसे लावायचे ते दाखवताना तो शिडीवरून घसरतो आणि कुशीला मार लागतो, तिथून सगळं सुरू होतं. पहिल्या भेटीला कुणी वाचून आलं नाही तरी चालेल, हेच प्रकरण आळीपाळीने मोठ्याने वाचा, अर्ध्या तासात होतं, आणि डबे चर्चा झाल्यावर उघडा.